अळणी चातुर्मास

लग्न होऊन मी देवासहून इंदूरला आले, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या आधी पत्ते शिकवले. "स्वयंपाक काय, चुकत चुकत येतो," त्या म्हणाल्या, "पण मेंढीकोटात माझ्यासमोर बसायचं तर समज पाहिजे." समोर बसायचं म्हणजे त्यांची भिडू व्हायचं. एका बाजूला आम्ही दोघी, दुसऱ्या बाजूला मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांचे धाकटे भाऊ. या काकांची सारी उमेद होळकरांच्या घोडदळाच्या रिसाल्यात गेली होती. राज्य मध्यभारतात विलीन झालं, रिसाला मोडला, पण काकांच्या मिशा आणि आवाज दोन्ही पूर्वीचेच राहिले. ते जुन्या इंदुरात राहत आणि रविवारी दुपारी पायी आमच्याकडे, बडा गणपतीच्या देवळाजवळ, येत.

मेंढीकोटात चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्या हाती जास्त लागतील ते जिंकले, चारही लागल्या तर समोरच्यांवर कोट. सासूबाई खेळता खेळता शेंगा सोलत, गॅलरीतून खालच्या भाजीवालीशी भाव करत, मधेच मला सांगत, "दूध बघ गं, वर येऊन राहिलं आहे." आणि शेवटचे काही पत्ते उरले की कोणाच्या हातात काय आहे ते सरळ सांगून टाकत. काका पत्ते सतरंजीवर आपटत. "वहिनी, ही काही खेळायची रीत झाली? माणसाच्या पोटात शिरून बघता तुम्ही!"

त्या सुमारास, पौषात, माझ्या नवऱ्याची कचेरी ग्वाल्हेरला गेली. तिकडे राहायला जागा मिळेना, म्हणून मी इंदूरलाच राहिले. एकुलता एक मुलगा इतक्या लांब गेला आणि सासूबाईंची झोप उडाली. आमचे जुने डॉक्टर घरचेच होते. त्यांनी झोपेचं मिक्सचर दिलं. बाटलीवर डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली, आतलं औषध खारट-कडवट. "महिनाभर घ्या, मग मला भेटा," ते म्हणाले. पण महिना संपायच्या आतच ते आपल्या मुलाकडे उज्जैनला कायमचे राहायला गेले. दवाखाना दुसऱ्या कोणी चालवायला घेतला. रिकामी बाटली नेली की भरून मिळे. झोप छान लागत होती, त्यामुळे कोणालाच काही विचारायचं सुचलं नाही.

आषाढी एकादशीला सासूबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. दर वर्षी काहीतरी धरायच्याच. कधी वांगं सोडायच्या, कधी पानावर बोलणं. त्या वर्षी माझे यजमान होळीला चार दिवस येऊन गेले, तेव्हापासून मला दिवस गेले होते, मुलगा परत परगावी होता, तेव्हा त्यांनी मोठा नेम धरला. चार महिने मीठ खायचं नाही. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीसुद्धा अळणी. मामंजी म्हणाले, "इंदुरात राहून मीठ सोडायचं? अगं, इथे लोक पोह्यांवर शेव, भाजीत शेव, नुसती मूठभर शेव खातात!" त्या हसल्या. "म्हणून तर नेम. सोपं असतं ते देवाला काय सांगायचं?"

श्रावणात पहिल्यांदा मला जाणवलं. हुकूम बदाम होता आणि सासूबाईंनी तो किल्वर समजून पान टाकलं. काका खूश झाले. पुढच्या रविवारी सासूबाईंनी डाव अर्ध्यात ठेवून दिला. "मला झोप येऊन राहिली आहे," म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

मग एकामागून एक सुरू झालं. वरणाला दोनदा फोडणी. तेच विचारणं परत परत: "आज पोस्टमन आला का? आज पोस्टमन आला का?" चालताना तोल जायचा, भिंत धरायच्या. जीभ जड झाली, शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. चेहऱ्यावर, पाठीवर लाल पुटकुळ्या उठल्या, त्याला मी मुलतानी माती लावत राहिले. एके सकाळी गणपतीला गेल्या आणि परत येईनात. मी शोधायला निघाले तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, बांगडीवाल्याच्या दुकानासमोर उभ्या होत्या. तीस वर्षं ज्या गल्लीत राहिल्या ती त्यांना सापडेना. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, आई कुठे गेली गं?" त्यांची ताई कितीतरी वर्षांपूर्वी वारली होती. मी त्यांचा हात धरला. तो गार आणि ओलसर होता. मला रस्त्यातच रडू आलं.

पण मधूनच एखादं ऊन पडल्यासारखं व्हायचं. अशाच एका दुपारी त्या मला जवळ घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या डोक्यात कापूस भरलाय गं. आत हात घालते तर काहीच लागत नाही. मला वेड लागून राहिलं आहे का? खरं सांग."

मी म्हटलं, "नाही हो आई." पण मला तरी काय ठाऊक होतं?

शेजारच्या बायका बाधा झाली म्हणत. कोणी म्हणे वय झालं, पण त्यांची पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. संध्याकाळी त्या फार अस्वस्थ व्हायच्या, दार उघडून खाली जायला बघायच्या. मग मामंजी स्वतः बाटली घेऊन त्यांच्यापाशी बसत आणि लहान मुलाला पाजावं तसं मिक्सचर पाजत. जास्त अस्वस्थ झाल्या तर आणखी एक डोस. "झोपली की तिला बरं वाटतं," ते म्हणत. झोपेतून उठल्या की त्या आणखी दूर गेलेल्या असत.

काकांनी एका रविवारी भावाला बाजूला घेतलं. पण त्यांचा बाजूला घेतलेला आवाजही साऱ्या घराला ऐकू जाई. "दादा, हे आता घरात सांभाळण्यासारखं राहिलं नाही. सून अवघडलेली. वेड्यांच्या इस्पितळात दाखवू. मी येतो बरोबर." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, हे मी नमूद केलं पाहिजे. वहिनीवर त्यांचा फार जीव होता. मामंजींनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "दसरा होऊ दे."

भाद्रपदात माझ्या तपासणीचा दिवस आला. बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सासूबाईंना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. मामंजी पेन्शनच्या कामाला गेले होते. म्हणून मी टांगा केला आणि त्यांना बरोबरच घेऊन गेले. वाटेत त्या तीनदा म्हणाल्या, "आपण लग्नाला चाललोय ना?"

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या मागे, भिंत धरून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघत होत्या.

"तुम्हारा बाद में देखते हैं," मला म्हणाल्या. मग उठून सासूबाईंजवळ गेल्या, त्यांना बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. पुटकुळ्यांवरून बोट फिरवलं. "बाई, आज वार कोणता?"

सासूबाईंनी खूप विचार केला. "लग्नाचा," म्हणाल्या.

"जीभ दाखवा. हात पुढे करा." हात थरथरत होते. "हे कधीपासून?"

"श्रावणापासून," मी म्हटलं.

"कोणतं औषध चालू आहे?"

"औषध असं नाही काही. झोपेचं मिक्सचर तेवढं घेतात."

"तेवढं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच तर विचारून राहिले आहे मी. कधीपासून? किती? चव कशी आहे?"

मी सगळं सांगितलं. पौषातली सुरुवात, भरून येणारी बाटली, मामंजींचा जादाचा डोस. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, पण कुठेतरी त्यांना अडत होतं. "पौष ते आषाढ ठीक होत्या. मग श्रावणातच का? काय बदललं? खाण्यात काही?"

"चातुर्मासाचा नेम आहे. मीठ सोडलंय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला अजून आठवतं, त्या कमी बोलणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर एकदम केवढा उजेड आला. "मीठ सोडलंय! अरे भगवान." मग त्यांनी खुर्ची ओढून मला समजावलं. झोपेच्या अशा मिक्सचरमध्ये बहुधा ब्रोमाइड नावाचा क्षार असतो. शरीराला तो आणि मीठ जवळजवळ सारखेच वाटतात. माणूस मीठ खात असला तर ब्रोमाइड लघवीवाटे निघून जात राहतो. मीठ बंद झालं की शरीर त्यालाच धरून बसतं. तो साठतो, आणि साठला की माणूस विसरतो, अडखळतो, बरळतो, वाट चुकतो. चेहऱ्यावर अशा पुटकुळ्या येतात. "कितीतरी लोकांना वेडे म्हणून नेऊन ठेवतात," त्या म्हणाल्या, "आणि तिथे शांत करायला परत हेच औषध पाजतात."

मी विचारलं, "मग या बऱ्या होतील?"

"रक्त मेडिकल कॉलेजात तपासायला पाठवते. पण माझी खात्री आहे. बाटली आजपासून बंद. मीठ आजपासून सुरू, मी सांगते तेवढं, आणि पाणी भरपूर. पहिले काही दिवस त्रास होईल, झोप येणार नाही, चिडतील. मी घरी येऊन बघत जाईन. घाबरायचं नाही." मग हसल्या. "आता इकडे या. तुमचं बाळ बघू."

घरी आल्यावर मी मामंजींना एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बसले. कोनाड्यातल्या बाटलीकडे बघत म्हणाले, "मी माझ्या हातानं पाजत होतो."

मी म्हटलं, "मामंजी, आता तुमच्याच हातानं मीठ द्यायचंय."

पण तेच होईना. मिठाचं वरण समोर आलं, सासूबाईंनी एक घास घेतला आणि थुंकून टाकला. "माझा नेम आहे," त्या म्हणाल्या. मुलाचं गाव त्यांना आठवत नव्हतं, वार आठवत नव्हता, मी कोण हे आठवत नव्हतं. पण नेम आठवत होता. मिठाचं पाणी दिलं, भांडं भिरकावून दिलं. "मला बाटवता?" दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "आज रात्रीपर्यंत पोटात गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून सुईनं द्यावं लागेल."

त्या गेल्यावर मामंजी उठले. हात-पाय धुतले, सोवळं नेसले, देवापुढे पाट मांडला आणि सासूबाईंना हाताला धरून शेजारी बसवलं. मी दारात उभी होते.

"ऐक," ते म्हणाले. "तुझा नेम मोडायचा नाही. तो मी घेतो."

मामंजींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"लग्नात हातात हात दिला होतास ना? तुझं अर्धं पुण्य माझं, तसा तुझा नेमही माझा. आजपासून कार्तिकीपर्यंत मीठ मी सोडलं. तू खा." त्यांनी पळीभर पाणी घेऊन ताम्हनात सोडलं. "देवा, हिच्या ऐवजी मी."

त्यांना किती समजलं, मला सांगता येत नाही. पण पाणी सोडलेलं त्यांनी बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला जमणार नाही. तुम्हाला शेव लागते."

"जमेल," मामंजी म्हणाले. "तू फक्त जेव."

आणि त्या जेवल्या. मिठाचं वरण, मिठाची भाजी, सगळं.

पहिले दिवस फार वाईट गेले. त्या चिडल्या, रडल्या, बाटली मागितली. डॉक्टरीणबाई रोज टांग्यानं येत, नाडी बघत, मीठ कमी-जास्त करत, सासूबाईंना वार विचारत. कधी उत्तर चुकायचं, कधी यायचंच नाही. तेवढ्यात रक्ताचा निकालही आला. त्यांचं म्हणणं खरं होतं.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले. सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या आणि माझ्याकडे टक लावून बघत होत्या. माझ्या पोटाकडे, मग तोंडाकडे.

"सूनबाई," म्हणाल्या, "किती वाळलीस गं! घरात तुला कोणी खायला घालतं की नाही?"

मी कपबशी तशीच पुढे धरली. त्यांनी ती काढून घेतली, चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस." खरंच विसरले होते मी! आम्ही दोघी इतक्या हसलो की मामंजी दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावत आले. त्यांना बघून सासूबाई म्हणाल्या, "अहो, आज शुक्रवार ना? डॉक्टरीणबाईंना सांगा, आज येऊ नका. आज मी त्यांना भेटायला जाणार." आणि नवरात्र बसायच्या आत त्या माझ्या हाताचा आधार न घेता दवाखान्याचा जिना चढल्या.

दिवाळीला माझे यजमान ग्वाल्हेरहून आले. पत्रातून त्यांना सगळं कळवलं होतंच, तरी आईला बघेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. पाडव्याच्या दुपारी काका आले. आल्याबरोबर ते सासूबाईंच्या समोर उभे राहिले. रिसाल्यात कधी वाकला नसेल असा तो माणूस वाकला. "वहिनी, मी भलतंच बोललो होतो."

"मला काही आठवत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग डोळे मिचकावले. "आणि हे औषधामुळे नाही हं. पत्ते आणा."

सतरंजी पसरली. माझे यजमान बघायला बसले. शेजारच्या दोन बिऱ्हाडांतलीही माणसं आली, कारण बातमी सगळ्या गल्लीत झाली होती. सासूबाईंनी पत्ते पिसले, तेव्हा त्यांच्या बोटांकडे सगळे बघत होते. बोटं थरथरत नव्हती.

पहिला डाव त्या हरल्या. दुसरा जिंकल्या, जेमतेम. तिसऱ्या डावात त्या गप्प बसून खेळत होत्या, शेंगा नाहीत, गप्पा नाहीत. इस्पिक, बदाम आणि किल्वरच्या दश्श्या आमच्याकडे आल्या. राहिली चौकटची. हुकूम सगळे पडून गेले होते. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पत्ते उरले, तेव्हा सासूबाई थांबल्या. डोळे मिटले. मला वाटलं, तो कापूस परत आला की काय!

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "भाऊजी, चौकटची दश्शी तुमच्याकडे आहे. आणि दुसरा पत्ता इस्पिकची सत्ती. ठेवून ठेवून किती ठेवाल?"

काकांनी पत्ते छातीशी धरले. "कशावरून?"

"एक्का सूनबाईचा गेला, राजा यांचा गेला. आता माझी राणीच मोठी." आणि त्यांनी चौकटची राणी सतरंजीवर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

काकांनी एकदा राणीकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग चौकटची दश्शी तिच्यावर टाकली, दुसरा पत्ताही उलटा करून दाखवला. इस्पिकची सत्तीच होती. "कोट!" माझे यजमान ओरडले. गॅलरीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि ज्यांच्यावर कोट चढला होता ते काका सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, "वाह वहिनी! वाह! अरे, ह्या बाईला मी कुठे न्यायला निघालो होतो!" मामंजी हरून इतके हसत होते की त्यांचा चष्मा खाली पडला.

कार्तिकी एकादशी झाल्यावर द्वादशीला मामंजींनी पारणं केलं. पानात सासूबाईंनी सगळ्यात आधी मीठ वाढलं.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन सासूबाई गॅलरीत बसत आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथे थांबे. कोणाचे वडील घोटाळायला लागलेले, कोणाची सासू बरळणारी. सासूबाई आधी हेच विचारत, "काय औषध चालू आहे? आणि मनानं बंद करू नका हं, डॉक्टरला विचारा." त्यांनी किती जणांना त्या दवाखान्यात नेलं! मागच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर भिंतीवर माणसं दिसतात म्हणत. त्यांचं पोटदुखीचं औषध बदललं आणि ती माणसं निघून गेली. मास्तर पेढे घेऊन आले.

सगळ्यांचं असं झालं नाही. गौतमपुऱ्याला सासूबाईंची एक मावसबहीण होती. तिचं चित्त हरवलंय असं कळलं, तेव्हा त्या मला आणि मुलीला घेऊन मोटारीनं तिकडे गेल्या, बहिणीला इंदूरला आणलं, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मावशी कसलंच औषध घेत नव्हत्या. त्यांचं दुखणं खरोखरीचं होतं आणि ते जाणारं नव्हतं. सासूबाई तिला परत पोचवायला गेल्या आणि ठरल्यापेक्षा जास्त राहिल्या.

परत आल्या तेव्हा थकलेल्या दिसत होत्या, पण मान ताठ होती. मी विचारलं, "आई, काय झालं तिकडे?"

"तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवायचे गं," त्या पायांवर पाणी घेत म्हणाल्या. "मी तिच्या मुलांना, सुनांना, सगळ्यांना समोर बसवलं. म्हटलं, मी पण अशीच झाले होते, आणि मला आतून सगळं कळत होतं, कोण हसतं, कोण ओढतं, कोण जवळ बसतं. खोलीची कडी सुताराकडून काढवली. आता ती ओसरीवर बसते. सुना तिच्याजवळ बसून भाजी निवडतात."

त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडून नातीला घेतलं.